अर्थाची वायर

आमच्या गाडीची बॅटरी तिच्या मूळ जागी नाही. गाडी सर्व्हिसिंगसाठी नव्या ठिकाणी नेली की तेथील मुलगा बॉनेट उघडतो, रिकामी जागा पाहून थबकतो आणि आधी गाडीकडे, मग माझ्याकडे पाहतो. मग मी त्याला डिकी उघडून दाखवते. भाषाविज्ञान शिकवणाऱ्या बाईच्या गाडीत असा फेरफार कोणी व कशासाठी केला असेल, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो. तो विचारत नाही आणि मीही सांगत नाही. येथे सांगते आहे, कारण या हकिकतीचा अर्धा भाग आपल्याच अभ्यासक्रमातील एका विद्यार्थ्याचा आहे आणि उरलेल्या अर्ध्या भागात माझी एक चूक आहे.

गाडी २००२ सालची मारुती एस्टीम. इंजिन १३०० सीसीचे, रंग एके काळी पांढरा. ती वापरलेली घेतली, त्यामागे प्रवासाइतकाच अभ्यासाचाही हेतू होता. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गॅरेज, लेथ आणि ओतकाम यांच्या आश्रयाने जी मराठी बोलली जाते, तिच्या शब्दांचा संग्रह मी त्या सुमारास करीत होते. आटे, कानस, पक्कड, वायसर अशा शब्दांची कार्डे भरत चालली होती. परंतु एका वयस्क मिस्त्रींना माझी पद्धत पसंत नव्हती. "मॅडम, इचारून इचारून शब्द गावत न्हाईत," ते एकदा म्हणाले. "तुमी वही काडली की आमी शाळंतल्यावानी बोलतो. गाडीचं काम काडा, मग ऐका." विल्यम लबॉव्ह या अमेरिकी भाषावैज्ञानिकाने ज्याला निरीक्षकाचा पेच म्हटले, तो हाच. लोक त्यांच्याकडे कोणी पाहत नसताना कसे बोलतात हे आपल्याला हवे असते, आणि ते मिळवण्याचा मार्ग मात्र त्यांच्याकडे पाहण्याचाच असतो. मिस्त्रींनी हा पेच माझ्यापुरता सोडवून दिला.

काम काढले ते माझ्या भाच्याने. तो तेव्हा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात होता. आंबा घाट चढताना गाडीने दम टाकला, तेव्हा शेजारी बसून तो म्हणाला, "आत्या, हिला नीट श्वासच घेता येत नाही. हिचा एअर इनटेक बदलू या."

श्वासाची ही भाषा त्याची एकट्याची नव्हे. गॅरेजात इंजिन घुसमटते, खोकते, दम खाते, तापते आणि पाणी मागते. ही रूपके आहेत हे बोलणाऱ्यांच्या ध्यानीही नसते. पण श्वासाच्या बाबतीत रूपक वस्तुस्थितीपासून फार दूर नाही. पेट्रोल पुरते जळायला त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. म्हणजे १ लिटर पेट्रोलमागे जवळजवळ ११ किलो हवा. आकारमानाने पाहिले तर ९,००० लिटरच्या घरात. आपण टाकीत पेट्रोल भरतो, त्याचे पैसे मोजतो, म्हणून गाडी पेट्रोलवर चालते असे म्हणतो. हवा फुकट मिळते म्हणून तिचा उल्लेख होत नाही. हवा जितकी थंड तितकी ती दाट. २० अंश सेल्सिअसला घनमीटरमागे सुमारे १.२ किलो भरणारी हवा ६० अंशांना १.०६ किलोच भरते. तापलेल्या इंजिनाशेजारची हवा आत ओढली, तर तेवढ्याच घोटात प्राणवायू कमी येतो.

भाच्याची योजना अशी होती. फिल्टरचा काळा प्लॅस्टिकचा डबा काढायचा, त्या जागी शंकूच्या आकाराचा मोकळा फिल्टर बसवायचा आणि त्याला जाड नळी जोडून तिचे तोंड पुढच्या बंपरमागे, थंड हवेत न्यायचे. नुसता उघडा फिल्टर बॉनेटखाली ठेवून मिरवणारे पुष्कळ आहेत. तो आवाज मोठा करतो आणि गरम हवा ओढतो. हे त्याला ठाऊक होते, म्हणून मला त्याचे कौतुक वाटले. अडचण एकच होती. नळी जिथून जायला हवी होती तिथे बॅटरी होती. मग बॅटरी डिकीत हलवायची असे ठरले. पुढच्या चाकांना गती देणाऱ्या गाडीचे नाक मुळात जड असते, तेथील १२ किलोंचे ओझे मागे गेले तर बरेच, हाही मुद्दा त्याने जोडून दिला.

मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे गाडीच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरफार करता येत नाही. आमचा बदल त्यात मोडतो किंवा कसे, हे आधी विचारून घेणे माझे काम होते. मी विचारले नाही. विमा कंपनीलाही नंतर कळवले. शब्दांच्या लोभाने माणूस बेसावध होतो, एवढेच याचे समर्थन मला देता येईल.

मार्च महिन्यातील एका रविवारी काम सुरू झाले. त्या एका दिवसात मला जेवढे शब्द मिळाले तेवढे आधीच्या तीन महिन्यांत मिळाले नव्हते. शब्दांहून अधिक मौज त्यांच्या जोडीदारांची. 'मारणे' हे एक क्रियापद दिवसभर किती ओझे वाहते पाहा: ग्रीस मारायचे, टाका मारायचा, हवा मारायची, रेस मारायची आणि शेवटी सेल मारायचा. आटे मात्र 'जातात'. बोल्ट जाम होतो, नट फिरतो, पाना घसरतो. मी कोपऱ्यात स्टुलावर बसून भराभर लिहीत होते आणि मिस्त्री माझे अस्तित्व खरोखरच विसरले होते.

फिल्टर आणि नळी दुपारपर्यंत बसली. डिकीत अँगलची चौकट वेल्डिंग करून तिच्यात बॅटरी पट्ट्याने आवळली. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून बंद प्रकारची नवी घेतली होती. तिच्यापासून पुढच्या स्टार्टरपर्यंत करंट न्यायला ५ मीटर वेल्डिंगची केबल आणली. तार जितकी लांब तितका तिचा रोध जास्त. स्टार्टर क्षणभर १०० अँपिअरहून अधिक करंट मागतो, म्हणून ती अंगठ्याएवढी जाड हवी, हे मिस्त्रींनाही माहीत होते आणि भाच्यालाही. एकाने ते हाताने शिकले होते, दुसऱ्याने सूत्राने. पत्र्याला भोक पाडून केबल गालिच्याखालून पुढे नेली. बॅटरीचे निगेटिव्ह टोक डिकीच्या तळाचा रंग खरवडून पत्र्याला बोल्टने जोडले. "अर्थ दिला," मिस्त्री म्हणाले. मी कार्डावर लिहिले: 'अर्थ देणे'. त्याखाली, 'अर्थची वायर'.

दिवेलागणीला भाचा सीटवर बसला. मला घरी जायची घाई होती. मीच म्हणाले, "आता सेल मारून बघा, बाकीचं उद्या पाहू."

स्टार्टर कण्हला, पण फिरला नाही. दुसऱ्यांदाही तसेच. तिसऱ्या वेळी भाच्याने किल्ली जरा अधिक वेळ धरून ठेवली, आणि पेडलांजवळून पातळ, राखाडी धूर वर आला. जळत्या प्लॅस्टिकचा वास गाडीभर पसरला. ॲक्सिलरेटरच्या केबलचे आवरण वितळत होते. भाच्याने किल्ली सोडली, दार ढकलून तो बाहेर पडला. मिस्त्रींनी धावत जाऊन डिकी उघडली आणि बॅटरीचे टर्मिनल उपटून काढले. सगळे मिळून दहा सेकंदही लागले नसतील. त्याच्या तळहाताला किंचित चटका बसला होता, अधिक काही नाही. मात्र इंजिन चालू झाले असते आणि ती केबल उघड्या स्थितीत अडकली असती तर काय झाले असते, याचा विचार मी त्या रात्री पुष्कळ वेळ करीत होते. भावाला काय सांगितले असते, याचाही.

"हे आता वायरमनचं काम," मिस्त्री म्हणाले. इंजिनाचा मिस्त्री आणि विजेचा वायरमन हे उद्यमनगरात दोन वेगळे माणूस असतात. सकाळी तो बोलावला असता तर शंभरेक रुपये अधिक गेले असते. अर्ध्या तासाने स्कूटरवरून चाळिशीचे एक गृहस्थ आले. मला पाहून जरा थांबले, "नमस्कार, मॅडम" म्हणाले आणि लगेच गाडीकडे वळले. चेहरा ओळखीचा होता, पण कुठला ते आठवेना.

त्यांनी बॉनेटखाली पाहिले, डिकीत पाहिले, मग जमिनीवर टाकलेली जुनी निगेटिव्ह केबल उचलली. तिला दोन शेपट्या होत्या.

"ही एक बॉडीला होती. ही दुसरी कुठं होती?"

"गिअरबॉक्सला," भाचा म्हणाला, आणि म्हणतामागोमाग त्याचा चेहरा उतरला.

इंजिन आणि गिअरबॉक्स रबराच्या बैठकांवर बसवलेले असतात, म्हणून ते बॉडीच्या पत्र्यापासून विजेच्या दृष्टीने अलग असतात. बॅटरीतून निघालेला करंट जाड केबलने स्टार्टरपर्यंत जातो. पण तेवढ्याने भागत नाही, त्याला बॅटरीकडे परत यावे लागते. ती परतीची वाट म्हणजे गिअरबॉक्सला जोडलेली शेपटी. बॅटरी हलवताना आम्ही ती काढून टाकली होती. डिकीत बॉडीला दिलेला अर्थ निर्दोष होता, पण इंजिनापासून बॉडीपर्यंत काहीच उरले नव्हते. मग करंटने मिळेल ती वाट धरली, आणि मिळाली ती ॲक्सिलरेटरची केबल. शंभर अँपिअर वाहून न्यायला जिथे अंगठ्याएवढे तांबे लागते, तिथे गवताच्या काडीएवढी पोलादी तार सापडली.

"अर्थाची वायर काढलीसा," ते सहज म्हणाले, "म्हणून ही बिचारी मधल्यामधी जळाली."

मी दचकले ते विद्युतशास्त्रामुळे नव्हे. त्यांनी 'अर्थाची' म्हटले होते.

हा भेद आपल्या अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, म्हणून थोडे थांबते. मराठीत नामाला प्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते: घर, घराला, हात, हाताने, अर्थ, अर्थाची. इंग्रजीतून आलेले अनेक शब्द मात्र हा संस्कार सहजी स्वीकारत नाहीत. आपण 'बसला', 'पेनने', 'फोनवर' म्हणतो. 'बसाला' किंवा 'पेनाने' कानाला खटकते. उद्यमनगरातला 'अर्थ' हा इंग्रजीतून आलेला, पृथ्वी या अर्थाचा शब्द. मराठीच्या तोंडी त्याचा उच्चार संस्कृतातून आलेल्या 'अर्थ' या शब्दाशी तंतोतंत जुळला, हा निव्वळ योगायोग. दोघांचे गोत वेगळे. म्हणूनच दिवसभर ऐकलेला शब्द 'अर्थची वायर', 'अर्थला जोडा' असाच येत होता. क्रियापदेही वेगवेगळी: आपला अर्थ लागतो, लावावा लागतो, कधी उरत नाही, त्यांचा अर्थ देतात, घेतात, आणि तो सुटतो. परिभाषेत याला भूसंपर्कन म्हणतात. गंमत अशी की चार रबरी चाकांवर उभी असलेली गाडी पृथ्वीला कुठेच टेकलेली नसते. तिच्या बॉडीलाच अर्थ मानण्याचा संकेत आहे.

तर मग या एका माणसाने त्या परक्या शब्दाला घरचे सामान्यरूप का दिले? आणि हे रूप मी पूर्वी कुठे पाहिले होते?

आठवले तेव्हा स्टुलावर बसवेना. आदल्या वर्षी आमच्या अभ्यासकेंद्रावर मी समंत्रक होते. रविवारच्या संपर्कसत्राला शेवटच्या बाकावर बसणारे, पेन पान्यासारखे मुठीत धरणारे हे विद्यार्थी. शब्दार्थविचाराच्या घटकावर स्वाध्याय होता: भाषाव्यवहाराच्या संदर्भात 'अर्थ' ही संकल्पना स्पष्ट करा. त्या घटकात सोस्यूरने कल्पिलेल्या संभाषणाच्या वर्तुळाची आकृती आहे. दोन माणसांचे चेहरे, एकाच्या मुखातून दुसऱ्याच्या कानाकडे जाणारी रेषा आणि तशीच परत येणारी दुसरी. यांनी उत्तराच्या आरंभी ती आकृती काढली होती आणि तिच्याशेजारी बॅटरी, दिवा व दोन वायरींची दुसरी. खाली लिहिले होते की, शब्द ही जाणारी वायर आणि समजणे ही अर्थाची वायर; ऐकणाऱ्याकडून काही परत आले नाही तर शब्द कितीही जाड असला तरी दिवा लागत नाही; आणि नीट वाट मिळाली नाही तर तो भलत्याच वाटेने जाऊन कुठेतरी जाळ करतो.

मी त्यावर लाल शाईने शेरा मारला होता: 'विषयांतर. इंग्रजी शब्दाशी गल्लत.' २० पैकी ४ गुण. 'अर्थाची वायर' या शब्दांभोवती गोल केला होता. त्यानंतर ते संपर्कसत्राला आले नाहीत. माझ्याही ते ध्यानात राहिले नाही. नोकरी-धंदा सांभाळून शिकणाऱ्यांत गळती होतेच, असे आम्ही म्हणतो आणि यादीवर काट मारतो.

त्यांचे काम चालू होते. तांब्याची विणलेली पट्टी गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत त्यांनी आवळली. मग केबलच्या वाटेवरून बॅटरीचा प्रकाश टाकीत गेले आणि सीटमागच्या भोकाशी थांबले. पत्र्याची धार केबलच्या आवरणाला टेकली होती. "इथं रबर न्हाई. आन् फ्यूज?" फ्यूज नव्हता. धक्क्यांनी ते आवरण कापले गेले असते, तर बॅटरीचा सगळा जोर मागच्या सीटखाली पत्र्यावर उतरला असता; तिथे थांबवणारे काहीच नव्हते. त्यांनी भोकाला रबरी ग्रोमेट बसवले आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर १५० अँपिअरचा फ्यूज घातला. "फ्यूज बॅटरीजवळच पायजे," ते भाच्याला समजावून सांगत होते, "पुढं घातला तर मधल्या वायरीला कोण राखणार?" भाच्याने हे सारे वहीत उतरवले. दिवसभरात त्याने प्रथमच वही काढली होती.

हात पुसत ते माझ्याकडे आले, तेव्हा मी विचारले, "तुम्ही 'अर्थाची वायर' का म्हणता? बाकी सगळे 'अर्थची' म्हणतात."

"मीबी आधी तसंच म्हणायचो. तुमचं ते पुस्तक वाचल्यापासनं जिभंवर बसलं. दोन्ही एकच वाटलं." मग जरासे हसून, "एक न्हाईत, ते माहीत हाय मला. तेव्हाबी माहीत होतं."

गुण कमी दिले म्हणून तुम्ही येणे सोडलेत का, हे विचारायला मला धीर गोळा करावा लागला.

"मार्कांचं काय न्हाई, मॅडम. पण स्वाध्याय दुकानात पडला होता. माझ्या हाताखालच्या पोरांनी वाचला. त्यांना विषयांतर कळलं न्हाई, पण गल्लत कळली. वायरमनला त्यो शब्द वाईट."

यावर बोलण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. सोस्यूरच्या व्याख्यानांचा तो विख्यात ग्रंथ १९१६ साली, त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी निघाला, आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो प्रामुख्याने विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून सिद्ध केला, हे मी दर वर्षी वर्गात कौतुकाने सांगत आले आहे. त्या वेळी ते आठवून बरे वाटले नाही, एवढे सांगते. मी माफी मागितली. त्यांनी ती अवघडून, घाईने घेतली आणि बिलबुक काढले. नवी केबल, पट्टी, ग्रोमेट, फ्यूज, मजुरी. एक ओळ होती: 'अर्थाचे काम'. ते बिल माझ्या कार्डांच्या पेटीत आहे.

नव्या इनटेकने गाडी किती सुधारली, हे विचाराल तर आवाज निश्चित वाढला. वेग वाढल्याचा भास पहिले आठ दिवस झाला, पुढे तोही गेला. मेमध्ये मी तो काढून कंपनीचा जुना डबा परत बसवून घेतला. भाचा रुसला, पण त्या नळीचे तोंड बंपरमागे, जमिनीपासून हातभर उंचीवर होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळचा महामार्ग कित्येक दिवस पाण्याखाली होता, ते पाणी मी पाहिले आहे. इंजिनाने हवेऐवजी पाण्याचा घोट घेतला तर ते दाबले जात नाही. पिस्टन थांबतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. दाट हवेसाठी एवढी जोखीम मला नको होती. बॅटरी मात्र डिकीतच राहू दिली. ते काम आता नीट झालेले होते.

डबा बसवण्याच्या दिवशी वायरमन शेजारच्या गाडीखाली होते. बाहेर येऊन त्यांनी विचारले, की नोंदणी अजून चालू आहे का आणि स्वाध्याय पुन्हा देता येतो का. मी केंद्रावर चौकशी करून कळवते म्हटले.

"द्यायचा झाला तर पुस्तकातलं लिहू, का तेच?"

"तेच लिहा," मी म्हणाले. "फक्त हे दोन शब्द मुळात वेगळे आहेत, हे पहिल्या परिच्छेदात सांगून टाका. मग पुढे हवे तेवढे जोडा."

त्यांनी मान हलवली आणि तारीख लिहून घ्यायला बिलबुक उलटे करून माझ्यापुढे धरले.